वाळेल ती फळी

हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात गोरेगाव हे मोठं गाव आहे. अशा गावातल्या नव्या बांधणीच्या स्वयंपाकघरात चिरण्या-लाटण्याच्या तीन वस्तू एकाच नजरेत दिसतात. ओट्याखाली पातं मिटवून ठेवलेली विळी. भिंतीला टेकवून उभा केलेला पोळपाट. आणि सिंकच्या कडेला आडवा पडलेला चॉपिंग बोर्ड, बहुधा प्लास्टिकचा, मधोमध सुरीच्या चऱ्यांनी काळपट झालेला आणि खालच्या अंगाला ओला. पहिल्या दोन वस्तू कशा ठेवायच्या हे घरात कुणाला शिकवावं लागत नाही. तिसरी घरात आली ती एकटीच, तिच्या बरोबर यायला हवी ती रीत आलीच नाही.

रोज हाताखालून जाणाऱ्या या तिसऱ्या वस्तूकडे नीट पाहणं भाग आहे. बोर्ड घेताना दुकानात विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : लाकडी की प्लास्टिकचा? हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. ही फळी आपल्या घरात, आपल्या सिंकजवळ, दोन वापरांच्या मध्ये खडखडीत वाळणार आहे का? आणि चरे पडले की ती पुन्हा सपाट करून देणारं कुणी जवळपास आहे का? या दोन कसोट्यांवर मराठवाड्यातल्या गावासाठी सर्वांत चांगला बोर्ड ऑनलाइन दुकानात सापडत नाही. तो गावातल्या सुताराकडे, बाभळीच्या उरलेल्या तुकड्यात पडलेला असतो.

विळीला फळी का लागली नाही

विळीवर पातं जागच्या जागी राहतं आणि भाजी हलते. सुरीचं बरोबर उलटं आहे. विळीच्या पाटावर पाय असतो. वांगं, कांदा, भोपळा दोन्ही हातांनी पात्यावर दाबला जातो आणि फोडी खालच्या ताटात पडतात. धारेला भाजीशिवाय दुसरं काही लागत नाही, आणि भाजीला धारेशिवाय दुसरं काही लागत नाही. म्हणून विळीच्या पाटाला चरे पडत नाहीत, त्यात रस मुरत नाही, तो धुवावाही लागत नाही. पातं पुसलं, मिटवलं, कोपऱ्यात सरकवलं की झालं. फळी नावाच्या वस्तूची अडचण विळीने मुळातच येऊ दिली नव्हती.

ती अडचण आली ओट्याबरोबर. चूल जमिनीवर होती तोवर सगळा स्वयंपाक बसूनच होता. गॅस आला तसा स्वयंपाक उभा राहिला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गावोगावच्या ज्या घरांत सिलिंडर नव्हता तिथेही तो नेला, आणि शेगडीला उंची लागते म्हणून जिथे जमलं तिथे कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा झाला. उभ्याने काम करणाऱ्या बाईने कांदा चिरायला दर वेळी खाली बसावं आणि फोडणी जळायच्या आत उठावं, हे होणारं नव्हतं. सुरी आली. सुरीला खाली काहीतरी लागतं, म्हणून फळी आली.

पुन्हा विळीकडेच का जाऊ नये, असं विचारणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. ज्यांना मांडी घालून बसता येतं, ज्यांचा हात विळीवर बसलेला आहे, त्यांनी ती सोडण्याचं काही कारण नाही. ढीगभर पालेभाजी चिरायची असेल तर विळीइतकी झपाट्याने सुरी चालत नाही. पण गुडघे धरलेल्या बाईला उठ-बस करायला सांगणं हा उपाय नव्हे. ओट्यावर बसवायच्या विळ्या मिळतात, पण उघडं, वर तोंड करून उभं पातं कमरेच्या उंचीवर असणं लहान मुलं असलेल्या घरात धोक्याचं आहे. तेव्हा सुरी आणि फळी राहणार. ती कशी असावी, एवढंच ठरवायचं आहे.

काही घरांत फळीच नसते आणि सुरी थेट ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चालते. याने अन्नाचं फारसं बिघडत नाही, सुरीचं बिघडतं. दगड, काच, स्टील यांपैकी कशावरही धार आपटली की ती दुमडते. बोथट सुरीला जास्त जोर लावावा लागतो, जास्त जोर लावला की ती कांद्याच्या सालावरून घसरते, आणि घसरली की बोटावर येते. दिसायला छान, धुवायला सोपे म्हणून विकले जाणारे काचेचे आणि स्टीलचे बोर्ड याच कारणाने बाद होतात. फळी सुरीपेक्षा मऊ असलीच पाहिजे. मऊ असेल तर तिला चरे पडणारच. झिजणं हे तिचं कामच आहे.

चरे आणि ओल

मग चऱ्यांत काय होतं ते पाहू. लाकूड पाणी पितं, म्हणून ते जंतूही पितं आणि जपून ठेवतं, प्लास्टिक पीत नाही म्हणून ते स्वच्छ, अशी समजूत जगभर होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि नेशे आक यांनी ही समजूत तपासली. लाकडी फळी प्लास्टिकइतकी सुरक्षित कशी करता येईल, हे शोधायला ते निघाले होते. १९९४ साली ‘जर्नल ऑफ फूड प्रोटेक्शन’मध्ये त्यांचे निष्कर्ष आले ते वेगळेच. कठीण लाकडाच्या नऊ जाती आणि निरनिराळ्या प्रकारचं प्लास्टिक घेऊन त्यांनी त्यावर जंतू सोडले. प्लास्टिकवरचे जंतू तासांनंतरही परत मिळत होते आणि रात्रभर ओलसर ठेवले तर वाढत होते. लाकडावर सोडलेले जंतू ओलीबरोबर आत ओढले जात, वरून फारसे परत मिळत नसत. आत गेलेले वाढत नव्हते, हळूहळू मरत होते. नवं, गुळगुळीत प्लास्टिक हाताने धुऊन स्वच्छ होत होतं. सुरीचे चरे पडलेलं प्लास्टिक मात्र हाताने घासून नीट स्वच्छ होत नव्हतं.

या निष्कर्षाचा अर्थ बेताने घ्यायला हवा. लाकडात काही जादू नाही. लाकडाचे तंतू ओल शोषतात, वरचा थर कोरडा होतो, आणि कोरड्या जागी जंतू टिकत नाहीत. म्हणजे लाकडाचा गुण लाकूड वाळतं यात आहे. तेच लाकूड सिंकमध्ये तासन्‌तास बुडवून ठेवलं, किंवा ओलंच एकावर एक रचलं, तर हा गुण संपतो आणि त्यावर बुरशी धरते. हिंगोली जिल्ह्यात हे समजावून सांगायला परदेशी प्रयोगाचीही गरज नाही. इथे हळद पिकते, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि शिजवलेली हळद उन्हात इतकी वाळवावी लागते की कांडी मोडताना टणक आवाज आला पाहिजे, हे शेतकऱ्याला पाठ असतं. ओलसर हळद पोत्यात भरली तर काय होतं ते त्याला ठाऊक आहे. ओलसर फळी कपाटात ठेवली तर तेच होतं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. मोठ्या हॉटेलांत, दवाखान्यांच्या स्वयंपाकघरांत प्लास्टिकचेच बोर्ड असतात, तेही रंगवार : कच्च्या मांसाला लाल, मासळीला निळा, फळं-कोशिंबिरीला हिरवा. तिथे चालतं तर घरी का नको? कारण तिथे बोर्डाच्या मागे एक अख्खी व्यवस्था उभी असते. उकळत्या पाण्याचं यंत्र असतं, जंतुनाशक असतं, चरे पडलेला बोर्ड फेकून नवा आणायचा नियम आणि पैसा असतो. घरी थंड पाणी, साबण आणि घासणी असते, आणि बोर्ड तुटेपर्यंत वापरला जातो. प्लास्टिक निकामी झालं की दुरुस्त होत नाही, आणि गावात ते बदललंही जात नाही.

प्लास्टिकचे कणही अन्नात जातात. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये बोर्डांवर भाजी चिरून निघणारे कण मोजले. पॉलिथिलीनच्या बोर्डातून एका माणसाच्या वाट्याला वर्षाला ७.४ ते ५०.७ ग्रॅम, तर पॉलिप्रोपिलीनच्या बोर्डातून ४९.५ ग्रॅम सूक्ष्म प्लास्टिक येऊ शकतं, असा त्यांचा अंदाज निघाला. चिरणाऱ्याची पद्धत, हाताचा जोर, बोर्डाचा प्रकार यांवर हा आकडा हलतो. याच अभ्यासातल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हा आकडा सांगू नये. एक, प्रयोगशाळेतल्या उंदराच्या पेशींवर या कणांचा ठळक वाईट परिणाम त्यांना दिसला नाही. दोन, लाकडी फळीतून निघालेले कण प्लास्टिकपेक्षा संख्येने कितीतरी जास्त होते. फरक असा की लाकडाचा कण हा वनस्पतीचाच तंतू आहे, भाजीच्या देठात असतो तसा. त्यामुळे प्लास्टिकचा बोर्ड म्हणजे विषच, असा बोभाटा करायचं कारण नाही. पण हाताशी बाभूळ असताना तो घ्यायचंही कारण नाही.

बाभळीचा तुकडा

मराठवाड्याच्या काळ्या रानात बांधाबांधावर बाभूळ उभी असते. तिचं लाकूड जड, घट्ट आणि चिवट. औत, वखर, तिफण, गाडीची चाकं, कुऱ्हाडीचे दांडे यांसाठी सुतार पिढ्यान्‌पिढ्या ते वापरत आला. तिचा डिंक आपण थंडीत लाडवांत खातो. ट्रॅक्टर आले आणि औतांचं काम आटलं. सुताराकडे आता दारं, चौकटी, पलंग यांचं काम जास्त असतं. पण बाभळीचे तुकडे त्याच्याकडे अजून येतात, आणि त्यांच्यावर रंधा कसा चालवायचा हे त्याच्या हाताला माहीत आहे. शहरातल्या दुकानांत ‘अकेशिया वुड’ म्हणून जे बोर्ड महागात विकले जातात ते बाभळीच्याच कुळातल्या झाडांचे असतात.

तुकडा निवडताना पाहायचं ते असं. बाभळीच्या फळीत बाहेरचा भाग फिकट आणि आतला गाभा लालसर तपकिरी असतो. फिकट भागाला भुंगा लवकर लागतो, बारीक भोकं पडतात आणि पीठ गळतं. म्हणून फळी पूर्ण गाभ्याची हवी. लाकूड ताजं तोडलेलं नको. बाभळीचे ओंडके पाण्यात टाकून ठेवून मग सावलीत वाळवायची जुनी पद्धत भुंगा टाळण्यासाठीच आहे. गाठ नको, कारण गाठीभोवती चीर जाते. खोडाचा अगदी मधला बिंदू असलेली फळी नको, कारण वाळताना ती तिथूनच उकलते.

सागवानाचं काय, असा प्रश्न हमखास येतो, कारण आपल्याकडे चांगलं लाकूड म्हणजे सागवान. साग पाण्याला टिकतो, वाकत नाही, हे खरं. पण त्याच्या तंतूंत वाळूचाच अंश असतो, सिलिका, आणि तो सुरीची धार खातो. शिवाय दारासाठी साग मोलाचा आहे, फळीसाठी तो वाया घालवण्याची गरज नाही. शिसव उत्तम, पण महाग. आंब्याचं लाकूड मऊ पडतं, लवकर खोल चरे धरतं. बांबूचे बोर्ड हे पट्ट्या चिकटवून केलेले असतात. बांबू कडक असल्याने धारेला त्रास देतो, आणि डिंक उलला की पट्ट्यांच्या फटीत ओल बसते. प्लायवूडचा किंवा सनमायका मारलेला तुकडा फळी म्हणून वापरूच नये. वरचा थर सुरीने फाटला की खाली गोंद आणि भुसाच आहे.

जोड असलेल्या फळीबद्दल या भागात जास्त सावध राहायला हवं. लाकूड ओलीने फुगतं आणि कोरडेपणाने आकसतं, आणि ते आडव्या अंगाने, तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. हिंगोलीचा मे महिना चाळीस अंशांच्या वर तापतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. दोन महिन्यांत तीच हवा ओलीने जड होते. दमट किनाऱ्यावर डिंकाने जोडलेली फळी वर्षानुवर्षं टिकेल, इथे तिचे सांधे दर वर्षी ताणले जातात. म्हणून शक्य तर एका अंगाची, एकसंध फळी घ्यावी. चौदा-पंधरा इंच लांब, दहा इंच रुंद, इंचभर जाड. बाभळीची अशी फळी दोन किलोच्या आसपास भरते. ते वजन उपयोगाचं आहे, कारण जड फळी ओट्यावर सरकत नाही. खाली ओलं फडकं घातलं की तेवढं पुरतं. रबराचे पाय ठोकू नयेत, म्हणजे दोन्ही बाजू वापरता येतात आणि झीज वाटली जाते.

उभ्या तंतूंची फळी, म्हणजे खोडाचा आडवा काप, धारेला सर्वांत चांगली. सुरी तंतूंच्या मधे जाते आणि तंतू पुन्हा मिटतात. मटणाच्या दुकानातला चिंचेचा ओंडका हा असाच उभा असतो. सत्तुराचे घाव घेऊनही तो वर्षं काढतो, आणि रोज खरवडून त्याचा वरचा थर काढला जातो. घरात मात्र असा काप पाणी फार पितो आणि पातळ केला तर चिरतो. घरासाठी साधी आडव्या तंतूंची फळीच बरी.

तेल कोणतं

नव्या फळीला तेल पाजावं लागतं. पाणी आत शिरायच्या आधी तेलाने ती जागा भरावी, इतकंच त्यामागे आहे. पण कोणतंही तेल चालत नाही. शेंगदाण्याचं तेल लाकडात तसंच ओलं राहतं आणि काही दिवसांनी खवट होतं. तो वास मग काकडीला लागतो. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि तंतूंत पक्कं बसतं. मराठवाडा-विदर्भात जवसाची चटणी घराघरांत होते, त्यामुळे घाण्याचं कच्चं जवसतेल मिळवणं अवघड नाही. मात्र रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसतेल घेऊ नये. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असतात आणि ते दारा-खिडक्यांसाठी असतं. करडईचं तेलही काही प्रमाणात घट्ट होतं, पण त्याला फार वेळ लागतो. घाई असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन वापरावं. ते घट्ट होत नाही, पण खवटही होत नाही, आणि थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा लावावं लागतं.

जवसतेलाबद्दल एक सूचना पाळलीच पाहिजे. तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. तेल घट्ट होताना उष्णता सुटते, चुरगाळलेल्या फडक्यात ती साठते, आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते मोकळं पसरून बाहेर वाळू द्यावं किंवा पाण्यात भिजवून टाकावं. फळीला पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जास्तीचं तेल पुसून काढायचं, दोन-चार दिवस वाऱ्यावर ठेवायचं आणि पुन्हा एक हात. थापून तेल लावलं तर वर चिकट थर बसतो.

पोळपाटाची रीत

रोजची काळजी घरातल्या पोळपाटाकडून घ्यावी. पोळपाट कुणी भिजत घालत नाही. तो पुसतात किंवा पटकन धुतात आणि भिंतीला उभा करतात. म्हणून तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो. भाकरीची लाकडी काठवट जिथे अजून आहे तिथेही हेच. फळीलाही हेच हवं. चिरून झालं की उलट्या सुरीने रस आणि कण खरडून काढायचे, साबण लावून दोन्ही बाजू धुवायच्या, आणि कडेवर उभी करायची, दोन्ही अंगांना वारा लागेल अशी. दोन्ही बाजू धुवायच्या त्या स्वच्छतेपेक्षा वेगळ्या कारणाने. एकच बाजू ओली झाली तर ती फुगते, दुसरी फुगत नाही, आणि फळी वाकते.

पावसाळ्यात फळी ओट्यावर वाळत नाही, आणि लाकडी बोर्डांना बुरशी येते ही तक्रार खरी आहे. तेव्हा तिला सिंकपासून दूर, खिडकीजवळ जागा द्यावी, आणि ऊन पडलं की तासभर बाहेर ठेवावं. दोन फळ्या असल्या तर एक वाळते तोवर दुसरी चालते. मे महिन्यात याच्या उलट. तेव्हा गच्चीवर टाकलेली फळी दुपारच्या उन्हात तडकते, म्हणून सावली आणि वारा पुरे.

ओल्या हळदीचं लोणचं घालणाऱ्या घरात फळी पिवळी होतेच. घासून तो डाग जात नाही, कारण हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही. उजेड मात्र तो मोडतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन-तीन वेळा ठेवली की पिवळेपणा फिका पडतो. कांद्या-लसणाचा वास जायला जाडं मीठ आणि अर्धं लिंबू घासून, दहा मिनिटांनी धुवावं.

कच्च्या मांसाचा प्रश्न उरतो, आणि त्यात सूट नाही. कोंबडी किंवा मासळी ज्या फळीवर कापली, त्याच फळीवर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरणं हा खरा धोका आहे. फळी लाकडाची असो वा प्लास्टिकची, कोंबडी शिजणार आहे, काकडी शिजणार नाही. जिथे मांसाहार होतो तिथे त्यासाठी वेगळी फळी हवी. ती प्लास्टिकची, स्वस्त आणि वर्षभरात टाकून देण्याच्या तयारीने घेतलेली असली तरी चालेल, कारण तिच्यावर उकळतं पाणी बिनघोर ओतता येतं. एकच फळी असेल तर क्रम पाळावा : आधी कोशिंबिरीचं, मग भाजीचं, शेवटी मांस, आणि मग साबण, कढत पाणी, ऊन.

रंधा पुन्हा

वर्ष-दोन वर्षांत फळीच्या मधोमध खळगा दिसायला लागतो. सरळ पट्टी आडवी धरली की खालून उजेड दिसतो. कोथिंबीर तिथे नीट चिरली जात नाही, काड्या जोडलेल्या राहतात. बाजारचा बोर्ड इथे संपतो. सुताराची फळी इथून पुन्हा सुरू होते. त्याने दोन्ही बाजूंनी रंधा मारला की पाव इंचही न जाता चरे, डाग, खवट थर सगळं निघतं. इंचभर जाडी घ्यायची ती यासाठीच. मधे वाकली किंवा पाऊण इंचाच्या आत आली की फळी बदलायची. बाभळीचा तो तुकडा मग चुलीलाही चालतो.

गोरेगाव सोडून पुण्या-संभाजीनगरात राहायला गेलेल्यांना सुतार असा हाताशी सापडत नाही, हे मान्य. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणावा, आधी ८० नंबरचा, मग १५०, शेवटी २२०. तो चौकोनी लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तंतूंच्या दिशेनेच घासावा, गोल गोल नाही. खोल चरे गेले की फळी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी. त्याने दबलेले तंतू उभे राहतात आणि हाताला खरखर लागते. २२० नंबरने ती खरखर पुन्हा काढून मगच तेल लावावं. ही एक पायरी गाळली तर पहिल्याच धुण्यात फळी खरखरीत होते आणि सगळं घासणं पुन्हा करावं लागतं.